द्राक्ष थांबत नाहीं

खेळ हे त्या त्या काळच्या कर्तबगारीचे आरसे असतात, असें म्हणण्यास हरकत नाहीं. ज्या समाजांत राजे सैन्य घेऊन एकमेकांवर चालून जात, त्या समाजानें चतुरंगाचा पट मांडला; हत्ती, घोडे, रथ व पायदळ यांच्या चालींत रणनीति शिकतां येते असें त्यास वाटलें. आमच्या काळचे पराक्रम बहुतांशीं बाजारांतले आहेत. तेव्हां आजच्या तरुणांच्या पटावर राजा आणि वजीर यांच्या जागीं आगगाडीच्या कंपन्या, बंदरें, शेतें व कारखाने येऊन बसले, यांत नवल तें काय? अशा नव्या खेळांपैकीं एक आमच्या कांहीं विद्यार्थ्यांनीं मोठ्या हौसेनें आम्हांस समजावून दिला. त्याचें नांव 'व्हिटिकल्चर', म्हणजे द्राक्षवेलींची जोपासना. जेमी स्टेगमायर व अ‍ॅलन स्टोन या दोघांनीं रचलेला हा अमेरिकन खेळ २०१३ सालीं प्रसिद्ध झाला. इटलींतील टस्कनी प्रांतांत एक लहानशी द्राक्षबाग व तिला जोडलेली वाइनरी प्रत्येक खेळणाऱ्याच्या वांट्यास येते. ती चालवून, वाढवून, वाइन विकून गुण मिळवावयाचे. त्याच्या सुधारलेल्या आवृत्तींत कोणी वीस गुणांपर्यंत पोहोंचला कीं तें वर्ष पुरें करितात, आणि ज्याचे गुण अधिक तो जिंकतो.

हा खेळ कसा जिंकावा याची चर्चा जाणते खेळाडू फार बारकाईनें करितात. तो उपदेश ऐकतां ऐकतां आमच्या मनांत आलें कीं हा उपदेश महाराष्ट्रांतील वाइनच्या खऱ्या इतिहासास लावून पाहावा. ज्या गोष्टींनीं पटावर हार-जीत होते, त्यांनींच आमच्या घाटमाथ्यापलीकडील बागांतहि होते काय? आणि होत नसल्यास खेळांत काय सुटलें आहे? प्रस्तुत लेखाचा विषय एवढाच आहे. मद्यपानाचा पुरस्कार आम्हांस कर्तव्य नाहीं. परंतु जो व्यवसाय हजारों शेतकऱ्यांच्या बांधापर्यंत येऊन पोहोंचला, त्याचा विचार नाक मुरडून टाळणें हेंहि इतिहासाच्या अभ्यासकास शोभत नाहीं.

प्रथम खेळ. त्यांत वर्षाचे चार ऋतु आहेत. वसंतांत कोणीं किती पहाटे उठावें तें ठरतें. आधीं उठणारास काम आधीं निवडतां येतें, उशिरां उठणारास त्याबद्दल कांहीं लहानसें बक्षीस मिळतें. उन्हाळ्यांत वेली लावणें, मांडव घालणें, पाण्याची सोय करणें, तळघर बांधणें, आलेल्या प्रवाशांस बाग दाखवून दोन लिरा मिळविणें, हीं कामें. शरदांत एखादा उपयोगी पाहुणा हातीं लागतो. हिंवाळ्यांत घड खुडावयाचे, रस काढून वाइन करावयाची, आणि मागणीपत्रें पुरीं करावयाचीं. गडी मोजके असतात, व उन्हाळ्यांत कामास लावलेला गडी हिंवाळ्यांत मोकळा नसतो. सारी मौज या अडचणींत आहे.

जाणत्यांच्या उपदेशाचें सार चार सूत्रांत सांगतां येईल. पहिलें सूत्र असें कीं उन्हाळ्याच्या उत्साहांत सगळे गडी खर्चूं नयेत. लावणी कितीहि डोळ्यांत भरणारी असली तरी गुण हिंवाळ्यांत मिळतात. दुसरें असें कीं मागणीपत्रें पाहिल्यावांचून वेल लावूं नये. तांबड्या वाइनची मागणी हातांत असतां पांढऱ्या द्राक्षांनीं शेत भरणारा खेळाडू वर्षभर स्वतःच्याच बागेकडे बघत बसतो. तिसरें असें कीं वाइनच्या आधीं तळघर. लहान तळघरांत तीनच्या वरची वाइन ठेवतां येत नाहीं. मधलें तळघर चार लिरांचें, तें सहापर्यंत नेतें. त्यावर सहा लिरा घालून मोठें बांधिलें म्हणजे नऊपर्यंत मजल जाते. गुलाबी वाइन मधल्या तळघरावांचून व फेसाळ वाइन मोठ्या तळघरावांचून होतच नाहीं. चवथें सूत्र असें कीं आरंभींचा पैका प्रवाशांकडून व लहान मागण्यांतून उभा करावा. पुरें केलेलें प्रत्येक मागणीपत्र दरसाल थोडें बांधलेलें उत्पन्न देतें. तें लहान असलें तरी लवकर सुरू होणें महत्त्वाचें. पटावरची प्रत्येक इमारत बांधूं पाहणारा खेळाडू बहुधा हरतो.

या चारहि सूत्रांच्या मुळाशीं एकच तत्त्व आहे: वाइनचा धंदा हा वाट पाहण्याचा धंदा आहे, आणि जो वाट पाहूं शकतो त्याचाच तो होतो. तळघर म्हणजे दगडविटांत बांधलेली सवड. परंतु येथेंच खेळानें एक मोठी उदारता दाखविली आहे. त्याच्या नियमांत वर्ष संपलें म्हणजे तळघरांतील वाइनचीच नव्हे, तर खुडून ठेविलेल्या द्राक्षांचीहि किंमत एकानें वाढते. खऱ्या जगांत असें द्राक्ष कोणीं पाहिलें आहे? वाइनसाठीं खुडलेला घड शक्य तर त्याच दिवशीं कारखान्यांत पोहोंचावा लागतो. उन्हांत राहिला तर तो आपोआप आंबूं लागतो, आणि मग भाव देणारा देईल तो घ्यावा लागतो. वाइन थांबते, द्राक्ष थांबत नाहीं. एकच फळ तळघराच्या दारापर्यंत शेतकऱ्याचें असतें व दारांत शिरतांच कारखानदाराचें होतें. आणि नेमकें त्याच उंबरठ्यावर काळ शत्रु होता तो मित्र होतो. खेळांत बाग व तळघर यांचा धनी एकच असल्यामुळें हा उंबरठा दिसत नाहीं. इतिहासांत तो पदोपदीं दिसतो.

आतां आमच्या मुलखाकडे वळूं. द्राक्षास सह्याद्रीची कोणती बाजू मानवते हें शेलूसारख्या गांवीं राहणारास चटकन् कळतें. नेरळ व वांगणी यांच्या मधलें हें लहान स्थानक कर्जत तालुक्यांत, उल्हास नदीच्या खोऱ्यांत, माथेरानच्या डोंगराच्या पायथ्याकडे आहे. पावसाळ्याचे चार महिने येथील भातखाचरें तुडुंब असतात, आणि हवेंत ओल इतकी कीं द्राक्षाचा वेल लावलाच तर केवडा, भुरी व करपा त्यास आधीं गांठतील. १८६३ सालीं बोरघाटांतून आगगाडी वर गेली. त्या वाटेनें घाट चढून गेलें कीं थोड्याच अंतरांत पाऊस झपाट्यानें उतरतो आणि कोरडा देश लागतो. जुन्नर, बारामती, तासगांव, आणि उत्तरेस थळघाटापलीकडचें नाशिक, हा द्राक्षांचा मुलूख.

तेथेंहि टस्कनीचें पंचांग चालत नाहीं. युरोपांत थंडीनें वेल निजतो व पुन्हा जागा होतो. आमच्याकडे वेलीस झोंप येईल एवढी थंडी नाहीं. म्हणून बागाईतदारांनीं दोन छाटण्यांची रीत बसविली. उन्हाळ्याच्या तोंडीं, एप्रिलाच्या सुमारास, खरड छाटणी, तिनें काडी तयार होते. पावसाळा सरतां सरतां, सप्टेंबर-ऑक्टोबरांत, गोडी छाटणी, तिच्यावर घड येतात. फळ उतरतें तें साधारणतः जानेवारी ते मार्चांत. म्हणजे युरोपांत वाइन आंबते ती हवा थंड होत जातांना, आणि आमच्याकडे ती ऊन तापत जातांना. तिकडे डोंगरांत कोरलेलें तळघर जें काम फुकट करितें, तेंच येथें पोलादी टाक्या, थंड पाण्याचे फेरे आणि विजेचें बिल यांनीं करावें लागतें. तात्पर्य, सवड विकत घेण्याची किंमत आमच्या देशांत मुळांतच अधिक आहे.

द्राक्ष मात्र आम्हांस नवें नाहीं. चौदाव्या शतकांत इब्न बतूता दौलताबादेस आला तेव्हां त्यानें तेथील द्राक्षें व डाळिंबें यांची आवर्जून नोंद केली. पण तें द्राक्ष खाण्याचें. विसाव्या शतकांत महाराष्ट्रानें द्राक्षांत जें नांव कमावलें तेंहि खाण्याच्या द्राक्षांवरच. १९६० सालीं बागाईतदारांचा राज्यसंघ स्थापन झाला. १९९१ सालीं निर्यातीसाठीं 'महाग्रेप्स' ही त्यांच्या सहकारी संस्थांची जोडसंस्था निघाली. या शेतकऱ्यानें वाट पाहण्याच्या दोन युक्त्या साधल्या होत्या. एक शीतगृह, आणि दुसरी, तासगांवाकडे विशेष रुळलेली, बेदाणा. भाव पडला तर घड शेडमध्यें वाळवावे, बेदाणा करून ठेवावा, आणि सणावाराचा बाजार पाहून विकावा. वाळविणें ही गरिबाच्या तळघराचीच रीत होय.

वाइन या प्रांतांत उशिरां आली. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याची सावली तिच्यावर दीर्घकाळ होती. १९८० नंतरच्या दशकांत शामराव चौगुले यांनीं फ्रान्समधील पायपर-हाइडसिक या शॅम्पेनच्या पेढीचें साह्य घेऊन जुन्नर तालुक्यांत नारायणगांव येथें फेसाळ वाइनचा कारखाना उभारला. तिथली वाइन 'ओमर खय्याम' या नांवानें परदेशीं गेली. म्हणजे आमच्या आरंभींच्या शिलेदारानें पटावरचें मोठें तळघरच आधीं बांधिलें, कारण फेसाळ वाइन त्यावांचून होत नाहीं. धाडस मोठें होतें, व कांहीं काळ तें फळासहि आलें. पुढें या 'इंडेज' पेढीनें नवीन शतकाच्या पहिल्या दशकांत ब्रिटन व ऑस्ट्रेलिया येथील व्यवसाय विकत घेतले. कर्ज वाढलें, २००८ सालची जागतिक मंदी आली, आणि दशक सरतां सरतां पेढी न्यायालयाच्या दारीं जाऊन पोहोंचली व तिच्या विसर्जनाची पाळी आली. पटावर पाहतां हा चवथ्या सूत्राचा भंग दिसतो: सगळ्या इमारती एकदम बांधूं पाहण्याचा.

दुसरा मार्ग नाशिकास दिसतो. राजीव सामंत यांनीं स्टॅनफर्ड येथील शिक्षण व अमेरिकेंतील नोकरी आटोपून, गंगापूर धरणाच्या परिसरांतील घरच्या जमिनींत १९९७ च्या सुमारास सोव्हिन्यों ब्लां व शेनिन ब्लां या पांढऱ्या जाति लाविल्या; कॅलिफोर्नियाचे केरी डॅम्स्की हे त्यांचे सल्लागार होते. 'सुला'ची पहिली वाइन २००० सालीं बाजारांत आली. या जाति पिंपांत वर्षानुवर्षें मुरवाव्या लागत नाहींत. थंड टाकींतून थोड्या महिन्यांत बाटलींत जातात. लहान तळघरांत मावेल तेवढीच वाइन प्रथम करावी, हा शहाणपणा यांत आहे. २००५ सालीं त्यांनीं बागेंतच चव घेण्याची खोली उघडली, आणि मुंबई-पुण्याचे लोक सुटीच्या दिवशीं तेथें लोटूं लागले. खेळांत तशी खोली बांधणारास प्रवाशांबरोबर गुणहि मिळतो, तो उगीच नव्हे: गिऱ्हाईक दारीं आलें म्हणजे पैका रोख व लवकर येतो, मधला दलाल राहत नाहीं, आणि ज्या देशांत वाइनची संवय नाहीं तेथें गिऱ्हाईकहि बागेंतच घडवितां येतें. डिसेंबर २०२२ मध्यें या कंपनीचे भाग शेअरबाजारांत आले.

या दोन कथांच्या मधोमध एक तिसरी आहे, आणि ती सांगण्यासाठींच आम्हीं लेखणी उचलली. २००१ सालीं महाराष्ट्र सरकारनें द्राक्षप्रक्रिया उद्योगाचें धोरण जाहीर केलें. परवान्याची वाट सोपी झाली, उत्पादनशुल्कांत सवलत मिळाली, नाशिक जिल्ह्यांत विंचूर व सांगली जिल्ह्यांत पलूस येथें वाइनउद्यानें आंखण्यांत आलीं. कारखाने भराभर निघाले. त्यांच्याबरोबर करार करून शेतकऱ्यांनीं खाण्याच्या द्राक्षांऐवजीं शिराझ, काबर्ने, शेनिन अशा वाइनच्या जाति लाविल्या. वेल लाविल्यापासून भरपूर पीक येण्यास सुमारें तीन वर्षें जातात. म्हणजे शेतकऱ्यानें ज्या बाजाराकडे पाहून वेल लाविला तो बाजार, आणि ज्या बाजारांत घड नेला तो बाजार, हे एक नव्हते. २००८ सालीं मंदी आली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत मुंबईवर अतिरेक्यांचा हल्ला झाला व हॉटेलांचें गिऱ्हाईक आटलें. कारखान्यांच्या टाक्या आधींच भरलेल्या. नवीन हंगामाचीं द्राक्षें घेण्यास कित्येकांनीं हात आंखडला.

येथें तो उंबरठा स्पष्ट दिसतो. कारखानदार निदान टाकीकडे बोट दाखवून 'पुढल्या वर्षीं विकूं' म्हणूं शकत होता. शेतकऱ्यास तेंहि शक्य नव्हतें. खाण्याचें द्राक्ष असतें तर त्यानें गांवच्या बाजारांत नेलें असतें, नाहीं तर बेदाणा केला असता. वाइनचें द्राक्ष बारीक मण्याचें, बियांचें, जाड सालीचें; तें हातगाडीवर कोणी घेत नाहीं व त्याचा चांगला बेदाणाहि होत नाहीं. त्याचें गिऱ्हाईक एकच, आणि त्या गिऱ्हाइकानें दार लाविलेलें. नाशिकाकडे कित्येकांनीं वाढलेले वेल मुळासकट उपटले. खेळांत हरणारा खेळाडू पट आवरून घरीं जातो. येथें ज्यानें वेल उपटला तो पटावर बसलेलाच नव्हता. दुसऱ्याच्या डावांतली तो एक सोंगटी होता. करार होते, परंतु ज्याच्याशीं करार तोच बुडाला तर कागद कोणास दाखवावा?

हें आमच्याच देशाचें दुर्दैव असें मात्र नव्हे. फ्रान्सच्या दक्षिणेस १९०७ सालीं याहून मोठा स्फोट झाला. वाइनचें उत्पादन अमाप, त्यांत साखरपाण्याची भेसळ. भाव असे कोसळले कीं बागाईतदारांस मजुरी परवडेना. आर्जेलिये गांवच्या मार्सेलें आल्बेर नांवाच्या साध्या बागाईतदाराच्या मागें लाखों लोक जमले, नार्बोन येथें सैन्यानें गोळ्या झाडल्या, आणि त्याच भागांतून भरती झालेल्या एका पलटणीनें बंड केलें. सरकारनें अखेर भेसळीविरुद्ध कायदा केला. पण आमच्या दृष्टीनें अधिक महत्त्वाची गोष्ट त्या दंग्याच्या आधींच, १९०१ सालीं, मारोसां नांवाच्या खेड्यांत घडली होती. तेथील लहान बागाईतदारांनीं सहकारी मंडळी काढून वाइन एकत्र विकण्यास आरंभ केला व पुढें सामाईक तळघर बांधिलें. हळूहळू दक्षिण फ्रान्समध्यें गांवोगांव अशीं तळघरें झालीं. गोळीबारानें जें साधलें नाहीं तें या कोठारांनीं बरेंचसें साधलें: द्राक्ष खुडल्यावर शेतकऱ्याचाच माल म्हणून तें आंत जाऊं लागलें, आणि वाट पाहण्याचा हक्क त्याच्याकडे आला.

साठवण ही सत्ता आहे, हें समजण्यास फ्रान्सपर्यंत जाण्याचीहि गरज नाहीं. तें कर्जत-खालापूरच्या रानांत आमच्या पणजोबांच्या पिढीनें पाहिलें आहे. या बाजूस द्राक्ष नसलें तरी मोह आहे. चैत्राच्या आगेमागें त्याचीं फुलें पहाटे जमिनीवर गळतात. ठाकूर व कातकरी तीं वेंचून वाळवितात. वाळलेलें मोहाचें फूल महिनोन् महिने टिकतें. तें अडीअडचणींत अन्न होतें, आणि त्याची दारूहि होते. म्हणजे द्राक्षास जो गुण नाहीं तो या फुलास आहे: तें थांबतें. इंग्रज सरकारच्या ध्यानांत हें चांगलें आलें. १८७८ च्या अबकारी कायद्यानें गाळण्याचा हक्क मक्तेदारांच्या हातीं गेला. उरणच्या भट्ट्यांतून परवान्याची दारू येऊं लागली. तरीहि चोरून गाळणें थांबेना, कारण फूल घरोघर होतें. तेव्हां १८९२ सालीं ठाणें व कुलाबा जिल्ह्यांसाठीं खास मोहाचा कायदा झाला व फुलांचा संग्रह आणि विक्री यांवरच बंधन आलें. कर्जत तालुका त्याच्या आदल्याच वर्षीं ठाण्यांतून कुलाब्यांत गेला होता. पण कायदा दोन्ही जिल्ह्यांस असल्यामुळें त्या बदलानें येथील आदिवासींची सुटका झाली नाहीं. भट्टी बंद करून जें साधलें नाहीं तें कणगी बंद करून साधावें, हा त्या कायद्याचा हिशेब होता. मोहाच्या फुलांवरील असे निर्बंध सैल करण्याचा निर्णय महाराष्ट्र सरकारनें २०२१ सालीं घेतला, ही नोंद वाचतांना मधल्या सव्वाशे वर्षांचें ओझें जाणवल्यावांचून राहत नाहीं.

या दोन उदाहरणांत एक विलक्षण संगति आहे. मोहवाल्यापाशीं टिकणारा माल होता, म्हणून त्याची साठवण कायद्यानें काढून घेतली; द्राक्षवाल्याचा माल टिकत नव्हता, म्हणून त्याची साठवण काढून घेण्यास कायद्याचीहि गरज पडली नाहीं. जानेवारी २०२२ मध्यें मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकूं देण्याचा निर्णय मंत्रिमंडळानें घेतला तेव्हां मोठा वाद माजला. एक पक्ष शेतकऱ्याच्या हिताचें नांव घेई, दुसरा व्यसनाच्या धोक्याचें. दोन्ही पक्षांच्या म्हणण्यांत तथ्य होतें; परंतु वाद सारा दुकानाच्या फळीचा झाला, तळघराचा प्रश्न फारसा निघालाच नाहीं. फळ्या वाढल्या म्हणजे खप वाढेल हें खरें. पण वाढलेल्या खपांतील सवडीचा नफा कोणाच्या कोठारांत साठेल, हें त्यावरून ठरत नाहीं.

महाराष्ट्रानें हा प्रश्न एकदां सोडवून दाखविला आहे. तोडलेला ऊसहि थांबत नाहीं. त्याची साखर दिवसागणिक घटते. म्हणूनच विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांनीं प्रवरेच्या कांठीं १९५० च्या सुमारास शेतकऱ्यांच्या मालकीचा कारखाना चालू केला, तेव्हां केवळ एक गिरणी निघाली नाहीं. न थांबणाऱ्या पिकाच्या धन्यास थांबण्याचें साधन मिळालें. साखर व वाइन यांत अंतर आहे हें आम्ही जाणतों. साखरेस चव ओळखणारा लागत नाहीं, वाइनला लागतो. साखरेचें पोतें नांवावांचून विकतें, वाइनची बाटली नांवावरच विकते. सहकारी कारखान्यांस पुढें राजकारणाची व कर्जाची कीड कशी लागली हेंहि वाचकांस नव्यानें सांगावयास नको. कांहीं कंपन्या शेतकऱ्यांशीं दीर्घ मुदतीचे करार करितात, हेंहि मान्य आहे; त्यांनीं शेतकऱ्यास पुष्कळ आधार मिळतो. परंतु करार म्हणजे दुसऱ्याच्या तळघरांत आपल्यासाठीं राखलेली जागा. तें तळघर उभें असेल तोंवरच ती जागा खरी.

म्हणून जाणत्या खेळाडूंच्या चार सूत्रांस आम्ही पांचवें जोडूं इच्छितों. तें पटावर कामाचें नाहीं, पण विंचुरास व पलुसास आहे. वेल लावण्यापूर्वीं मागणीपत्र पाहावें, तसेंच आपला घड कोणाच्या टाकींत जाणार व त्या टाकींत आपला वांटा काय, हेंहि पाहावें. सरकारनेंहि सवलत देतांना कारखाना किती मोठा हें विचारण्याआधीं त्याच्या कोठारांत बागाईतदाराची मालकी किती हें विचारावें. ज्याचें फळ थांबत नाहीं, त्यास थांबण्याची सोय करून देणें, यापेक्षां मोठें साह्य या धंद्यांत दुसरें नाहीं.